क्रीम म्हणजे कुठलं क्रीम, तेवढं रेसिपीत छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतल्या रेसिपीज मी नेमाने वाचते, बऱ्याच करूनही बघते, म्हणूनच हे लिहितेय. गोडाचा कुठलाही पदार्थ असो, साहित्यात नुसतं 'क्रीम १ कप' एवढंच असतं. कुठलं क्रीम ते कधीच नसतं. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावी किराणा दुकानात मिळतं ते टेट्रापॅकमधलं फ्रेश क्रीम, म्हणजे २५ टक्के फॅटचं, आणि रेसिपी लिहिणाऱ्याच्या डोक्यात असतं ३०-३५ टक्केवालं व्हिपिंग क्रीम. मी घरून केकच्या ऑर्डरी घेते त्यामुळे असे फोन मलाच येतात, ताई अर्धा तास झाला बीटर फिरवतेय, वर नुसते बुडबुडे येतायत आणि खाली पाणी तसंच, आता काय करू, पाहुणे संध्याकाळी येणारेत. काय सांगणार? ते क्रीम घट्ट होणारच नसतं, त्या बिचारीचं काहीच चुकलेलं नसतं.

क्रीम फुगतं ते त्यातल्या फॅटमुळे. फेटताना फॅटचे बारीक कण एकमेकांना चिकटतात आणि हवा धरून ठेवतात, त्यासाठी साधारण ३० टक्के तरी फॅट लागतं आणि ते गारेगार लागतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे भांडं, बीटरची पाती आणि क्रीम सगळंच फ्रीजमध्ये ठेवल्याशिवाय हात लावू नये. २५ टक्केवाला पॅक रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून न हलवता वरचा घट्ट भाग काढून घेतला तर फ्रूट क्रीमला मस्त चालतो, पण त्याची केकवर फुलं निघणार नाहीत.

साईचंही तसंच. म्हशीच्या दुधाची साय कितीही जाड असली तरी ती तापवलेल्या दुधाची, बीटर लावलात की फुगायच्या आधी लोणी सुटायला लागतं. पण भाजीत सायीसारखं दुसरं काही नाही हे मी ठामपणे सांगते. पनीर मखनी, दाल मखनी, कोफ्ते, कशातही एक-दोन दिवसांची ताजी साय थोड्या गार दुधात फेटून शेवटी घाला, विकतच्या क्रीमची गरजच नाही. आठवडाभर साठवलेली साय मात्र तुपालाच ठेवा, तिचा आंबूस वास ग्रेव्हीत लपत नाही. साय नसेल तर ७० मिली फुल क्रीम दूध आणि ३० ग्रॅम वितळवलेलं बटर, हे साधारण २५ टक्के क्रीमच्या जवळ जातं. ते फेटून फुगणार नाही पण ग्रेव्हीला, सूपला चालतं, फक्त नेहमीच्या पिवळ्या बटरमध्ये मीठ असतं ते लक्षात ठेवा, गोडात अनसॉल्टेडच घ्या. ग्रेव्हीत क्रीमऐवजी चक्का घालायचा तर गॅस बंद करून आणि चमचाभर बेसन लावून, कढी फुटू नये म्हणून लावतो तसंच. नारळाचं पहिलं घट्ट दूध आंब्याच्या गोडात छान लागतं पण ते खळखळून उकळू नका, फुटतं.

सगळ्यात जास्त घोळ आहे तो व्हिप टॉपिंगचा. केकवाले ज्याला सर्रास व्हिपिंग क्रीम म्हणतात ते बहुतेक वेळा वनस्पती तेलाचं, आधीच साखर घातलेलं, फ्रोझन येणारं नॉन डेअरी टॉपिंग असतं. ते तिप्पट-चौपट फुगतं, उन्हाळ्यात टिकतं, स्वस्त पडतं, मी पण डिझाइनच्या केकला वापरते आणि गिऱ्हाईकाला तसं सांगून वापरते. पण हे दुधाचं क्रीम नव्हे. शेजारच्या वहिनींनी उरलेलं टॉपिंग पनीरच्या भाजीत घातलं, कारण रेसिपीत 'क्रीम' लिहिलं होतं आणि फ्रीजमध्ये तेच होतं, अख्खी कढई गोडमिट्ट, वरून तिखट घाला मीठ घाला काही उपयोग नाही. आणि नॉन डेअरी लिहिलं म्हणजे दुधाचा अंशही नाही असंही समजू नका, बऱ्याच टॉपिंगमध्ये सोडियम केसिनेट असतं, ते दुधातलंच प्रोटीन, घरात कुणाला दुधाची ॲलर्जी असेल तर पॅकवरची बारीक अक्षरं वाचाच. तेलातल्या ट्रान्स फॅटवर, म्हणजे हृदयाला घातक फॅटवर, एफएसएसएआयने (अन्नसुरक्षेचे नियम करणारी सरकारी संस्था) २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा घातलीय हे चांगलंच झालं, पण म्हणून 'फ्रेश क्रीम केक' अशी पाटी लावून तेलाचं टॉपिंग विकणं बरोबर होत नाही. आमच्या इथल्या एका दुकानात मी विचारलं तर क्रीम म्हणजे क्रीमच हो, एवढंच उत्तर मिळालं. पैसे देणाऱ्याला काय खातोय ते कळायला नको का?

त्यात परदेशातल्या आपल्या मुलींच्या रेसिपीज असतात, फार छान असतात, पण इंग्लंडमध्ये सिंगल क्रीम १८ टक्के आणि डबल क्रीम ४८ टक्के, अमेरिकेत हेवी क्रीम किमान ३६ टक्के, आणि आपल्याकडे नियमात लो फॅट क्रीम २५, मीडियम ४०, हाय फॅट ६०. मग तिथल्या डबल क्रीमच्या जागी इथलं २५ टक्केवालं घातलं की मूस (फेटलेल्या क्रीमचा हलका, फुललेला गोड पदार्थ) सेट कसा होणार? गनाश (गरम क्रीममध्ये चॉकलेट विरघळवून करतात ते) मात्र २५ टक्केवाल्यातही होतो, डार्क चॉकलेट थोडं वाढवायचं.

म्हणून एवढीच विनंती आहे की साहित्यात क्रीमच्या पुढे फॅटचा टक्का छापा आणि साय किंवा साधं फ्रेश क्रीम चालेल की नाही ते एका ओळीत सांगा. जागा कमी पडत असेल तर पदार्थाचा फोटो थोडा लहान करा. आंब्याचा सीझन तोंडावर आलाय, मँगो मूसच्या रेसिपीज येतीलच, तेव्हापासूनच सुरू केलंत तर फार बरं होईल.

आपली,
एक नियमित वाचक, कराड