आईचं घंगाळ

प्रिय मावशी,

सलाम.

चर्चबाहेर भेटल्यावर आभाराचा विषय काढला की तुम्ही लगेच "चल, चहा टाकते" म्हणता. म्हणून आज सगळ्यांदेखत लिहितेय.

आई गेल्यावर तिचं पितळी घंगाळ मी उचलून आणलं. वहिनीनं मागितलं होतं, दिलं नाही. त्यावरून दोन वर्षं आम्ही बोलत नव्हतो. एकाच रांगेत प्रभुभोजन घ्यायचो, तेही एकमेकींकडे न बघता. आणि घंगाळ? माळ्यावर काळं पडत होतं.

लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ, सुरू झाला तेव्हा मी ऐटीत सांगितलं, यंदा चाळीस दिवस गोड बंद. तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात. दुसऱ्या दिवशी भर दुपारी चिंचेचा गोळा घेऊन दारात. "काढ ते खाली."

घासता घासता तुम्ही बायबलमधल्या मार्कच्या दहाव्या अध्यायातल्या त्या श्रीमंत माणसाची गोष्ट काढलीत. मला वाटलं, आता बोलणी बसणार. पण तुम्ही म्हणालात, तो वाईट नव्हता गं, लहानपणापासून सगळ्या आज्ञा पाळलेल्या. आणि 'सगळं विकून टाक' म्हणायच्या आधी येशूनं त्याच्याकडे पाहिलं, त्याच्यावर प्रीती केली. आधी प्रीती, मग मागणं. इतक्या वर्षांत हा उतारा किती वेळा ऐकला असेन, पण ते अर्धं वाक्य कधी कानात शिरलंच नव्हतं.

काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी घातलेलं आईचं नाव उजळलं तशी मी रडले. तुम्ही घासतच राहिलात. मग आपल्या नाशिकच्या शरणपूरचा विषय निघाला. एकोणिसाव्या शतकात गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथं आली, शिकली. आफ्रिकेत फिरलेला मिशनरी लिव्हिंग्स्टन १८७३ साली तिथंच वारला, त्याचा मृतदेह किनाऱ्यापर्यंत वाहून नेणाऱ्यांत त्यातलाच जेकब वेनराइट होता. "ती पोरं येताना काय घेऊन आली असतील गं सोबत?" एवढंच विचारलंत. उत्तराची वाटही पाहिली नाहीत.

ईस्टरच्या आधी मी घंगाळ वहिनीकडे पोचवलं. खरं सांगू? तिनं चार शब्द कौतुकाचे बोलावेत म्हणून उंबऱ्यात जरा रेंगाळले. तेही सुटायचंय अजून. आईचं फुलपात्र मात्र ठेवून घेतलंय, रागावू नका.

वहिनीनं घंगाळात मनी प्लँट लावलाय. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पोटात कालवलं. मग तांब्या घेतला आणि त्याला पाणी घातलं.

तुमचीच,
चिंचेचे पैसे देणं असलेली