आंघोळीचा दमही मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझ्या वडिलांनी, आबांनी, करवीर तालुक्यातल्या गुऱ्हाळांवर बावीस हंगाम चुलवाणात चिपाडाचा जाळ घातला. विडीला आयुष्यात हात लावला नाही. तरी सहा वर्षांपूर्वी सीओपीडीचं, म्हणजे धुरा-धुळीनं श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराचं निदान झालं. दर तीन महिन्यांनी दवाखान्यात गेलं की डॉक्टर विचारतात, "काय आजोबा, कसं आहे?" आबा म्हणतात, "बरं हाय की." बाहेर माणसं ताटकळलेली असतात, विषय तिथंच संपतो.

घरचं चित्र वेगळं होतं. डोक्यावर पाणी घ्यायला तांब्या उचलला की धाप लागायची, म्हणून न्हाणीत स्टूल ठेवलं. निम्मी आंघोळ झाली की भिंतीला हात टेकून बसून राहायचे, अंगावरचा साबण वाळून जायचा. आई दाराबाहेरून "झालं का?" विचारायची, तर ओ द्यायलाही श्वास नसायचा. गेल्या वर्षी एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी आठ आठवडे व्यायाम करून घेतले. ओठ आवळून श्वास सोडणं, खुर्चीतून उठबस, रोज थोडं जास्त चालणं. नंतर फुफ्फुसांची ताकद बघायला नळीत फुंकायची तपासणी झाली, आकडा जवळपास तोच. "रिपोर्टमध्ये फरक नाही," असं आम्हाला सांगण्यात आलं. आणि आबा तर स्टूल बाजूला सारून, उभ्यानं आंघोळ करून, टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर यायला लागले होते!

हा फरक मोजायची सोय आहे, हे त्या बाईंमुळंच कळलं. 'कॅट' नावाची आठ प्रश्नांची चाचणी त्यांनी आबांना मराठीत वाचून दाखवली होती. खोकला, कफ, छाती आवळल्यासारखं वाटणं, जिना चढताना लागणारा दम, घरातली कामं, घराबाहेर पडायचा धीर, झोप आणि अंगातली ताकद. प्रत्येकाला 0 ते 5 गुण, एकूण 40. जितके कमी तितकं बरं. 2 गुणांची घट म्हणजे रुग्णाला जाणवण्यासारखा फरक, असं धरतात. आबांचे गुण 27 वरून 21 वर आले होते. श्वासाच्या आजारांसाठी 100 गुणांची सेंट जॉर्ज नावाची मोठी प्रश्नावली असते, तिथं जाणवण्यासारख्या फरकाची हीच रेषा 4 गुणांची. सहा मिनिटांत किती चाललं हेही मोजतात आणि साधारण 30 मीटरची वाढ मोलाची मानतात. त्याला सपाट व्हरांडा, घड्याळ आणि बसायला खुर्ची लागते, आणि शेजारी जाणतं माणूस.

या रेषा अनेक रुग्णांच्या सरासरीवरून ठरल्यात, एकट्या माणसाला डोळे झाकून लावता येणार नाहीत. म्हणून गुणांच्या जोडीनं एवढं तरी विचारावं: गेल्या खेपेपासून काय जमायला लागलं, काय सुटलं? सुटलेलं विचारणं फार गरजेचं आहे. मध्यंतरी आबा म्हणायचे, आता दम लागत नाही. आम्ही खूश झालो. नंतर लक्षात आलं, त्यांनी रंकाळ्याच्या कट्ट्यावर जाणंच सोडलं होतं. चालणंच नाही, तर दम लागणार कशानं?

नोव्हेंबरच्या तिसऱ्या बुधवारी जागतिक सीओपीडी दिन असतो आणि त्याच सुमारास आपल्याकडं गुऱ्हाळं पेटतात. त्यानिमित्त शिबिरं भरवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, फुंकायच्या तपासणीबरोबर हे आठ प्रश्नही विचारा. आणि चुलीपुढं जन्म घालवलेल्या बायकांना आवर्जून बोलवा; माझ्या आईला आजवर कुणी एकदाही नळीत फुंकायला सांगितलेलं नाही. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक दवाखान्यात डॉक्टरांच्या खोलीत जाण्याआधी नर्सनं हे गुण केसपेपरवर लिहावेत. पाचेक मिनिटांचं काम आहे.

आबांच्या 27 आणि 21 गुणांच्या दोन्ही कागदांची झेरॉक्स मी फाईलला लावली आहे. पुढच्या तारखेला "बरं हाय की" म्हणायच्या आत ती डॉक्टरांपुढं ठेवणार आहे.

आपला नियमित वाचक,
शिवाजी पेठ, कोल्हापूर