गाठ दुखत नाही म्हणून दडवू नका

संपादक साहेब, नमस्कार. आमच्या मावशीला छातीत हरभऱ्याएवढी गाठ लागली, दुखत नव्हती म्हणून वर्षभर कुणाला बोलली नाही, हळदीचा लेप लावून सोयाबीन काढायला जात राहिली अन् निपल आत ओढलं गेलं तेव्हा कुठं सांगितलं. अहो, कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही! तरण्या पोरींची बोटाखाली सरकणारी गाठ बऱ्याचदा साधी, कॅन्सर नसलेली, फायब्रोअ‍ॅडेनोमाची निघते, पण ते सोनोग्राफी आणि सुईच्या तपासणीनंच ठरतं. लवकर गेलं तर पुष्कळदा नुसती गाठ काढून रेडिएशन देतात, अख्खा स्तन काढावा लागत नाही. संभाजीनगरला सरकारी कॅन्सर हॉस्पिटल आहे. तुम्ही पेपरात स्तन हा शब्द सरळ छापा, बायका वाचतील.

एक वाचक, अंबड, जि. जालना