डिकन मिस्सा करत नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला डिकनांवरचा, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्या फादरांच्या खालच्या पायरीवरच्या दीक्षित सेवकांवरचा, लेख वाचला. विषय घेतलात, बरे वाटले. पण 'विवाहित डिकन रविवारी मिस्सा अर्पण करतात' हे छापण्याआधी कुठल्याही चर्चच्या कचेरीत एक फोन का केला नाही? मिस्सा, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस अर्पण करण्याची चर्चमधली मुख्य उपासना, डिकन करत नाहीत आणि पापनिवेदनही ऐकत नाहीत. ते बाप्तिस्मा देतात, लग्न लावतात, अंत्यविधी करतात, शुभवर्तमान वाचून प्रवचन देतात.

याहून जास्त लागले ते 'फादर कमी पडतात म्हणून काढलेली सोय' हे वाक्य. बायबलमधले प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६ उघडून बघा. रोजच्या अन्नवाटपात विधवांची आबाळ होते अशी तक्रार आली, म्हणून सात जण निवडले. तिथपासूनचे हे काम आहे. विवाहितांनाही कायमचे डिकन होऊ देण्याचा निर्णय कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये घेतला, पोप सहावे पॉल यांनी १९६७ मध्ये नियम घालून दिले.

माझे वडील गेले तेव्हा आमचे फादर बाहेरगावी होते. डिकन ऑफिसातून थेट घरी आले. खांद्यावरची बॅग शिलाई मशीनखाली सरकवली, पांढरा झगा चढवला, डाव्या खांद्यावरून स्टोल तिरका घेतला. तेवढ्यात आमचे काका दारातूनच मोठ्याने म्हणाले, "फादर नाय मिळाले का?" खोलीतल्या सगळ्यांनी ऐकले. डिकननी पुस्तक उघडले आणि प्रार्थना सुरू केली. त्या दिवशी मला काकांचा जसा राग आला, तसाच तुमचा लेख वाचून आला.

कारण पुढचे काकांना माहीत नाही, तुमच्या वार्ताहरालाही नसेल. आईची फॅमिली पेन्शन अडकली. चर्चच्या विवाह नोंदवहीत तिचे नाव एका प्रकारे, पीपीओवर (पेन्शनच्या आदेशपत्रावर) दुसऱ्या, आधारवर आडनावाचे स्पेलिंग तिसरेच. आमच्या गावठाणात हे घरोघरी आहे. बँकेत आम्हाला या खिडकीवरून त्या खिडकीवर पिटाळत होते. याच डिकननी नोंदवहीचा उतारा काढून दिला, प्रतिज्ञापत्राचा मसुदा स्वतः लिहिला, ऑफिसात रजा टाकून आईला घेऊन बँकेत गेले आणि मॅनेजरसमोर प्रत्येक कागदावर बोट ठेवून समजावले. पेन्शन सुरू झाली. आता नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याची आठवणही तेच करतात, आणि आईसारख्या कितीतरी जणींना करतात. यासाठी त्यांना पगार नाही, घर त्यांच्या नोकरीवर चालते.

तुमच्या फोटोत त्यांच्यासारख्याच एका डिकनच्या शेजारी त्यांची पत्नी उभी आहे. लेखात तिच्याविषयी एक ओळ नाही! विवाहित माणसाला पस्तिशीआधी डिकन होता येत नाही आणि पत्नीची संमती नसेल तर मुळीच होता येत नाही. उद्या पत्नी वारली, तर चर्चच्या नियमाप्रमाणे त्याला पुन्हा लग्न करता येत नाही. सुट्टीच्या दिवशी दारावर थाप पडली की ताटावरून उठणाऱ्या नवऱ्याचे जेवण झाकून ठेवणारी ती असते. तिला दोन प्रश्न विचारले असते तर लेखाला काही अर्थ आला असता.

जाता जाता आणखी एक. सप्टेंबरात माऊंट मेरीची जत्रा आणि डिसेंबरात केक, एवढ्यापुरतेच आम्ही तुमच्या पानांवर असतो. मरोळच्या गावठाणात आम्ही पिढ्यान् पिढ्या मराठी बोलतो, तुमचाच पेपर घेतो. गावठाणाच्या सीमांकनावर, दफनभूमीत जागा पुरत नाही यावर लिहायला माणूस पाठवा, मी स्वतः फिरवून आणीन.

मिस्सेबद्दलची चूक मात्र येत्या रविवारी त्याच पुरवणीत, त्याच पानावर दुरुस्त करावी. आतल्या पानावरचा बारीक टायपातला खुलासा नको. आमच्या चर्चमध्ये लोक लेखाचे कात्रण घेऊन डिकनना विचारत आहेत आणि प्रत्येकाला उत्तर देण्यात त्यांचा वेळ जातो आहे.

आपला,
एक वाचक
मरोळ, अंधेरी (पूर्व)