माळ्यावरच्या फ्लॉप्या खाली काढा, पण चालवून बघू नका : संगणक-चित्रांच्या प्रदर्शनासाठी आवाहन

सर्व सन्माननीय सभासद, देणगीदार, हितचिंतक आणि नोकरीनिमित्त बाहेरगावी असलेल्या खान्देशकरांना स. न. वि. वि.

आखाजीच्या सुट्टीत आपल्या संग्रहालयाच्या वरच्या दालनात संगणकावर काढलेल्या सुरुवातीच्या चित्रांचं प्रदर्शन भरवायचं कार्यकारिणीनं ठरवलं आहे. सुरुवातीची म्हणजे साधारण 1995 पर्यंतची. आखाजीच का, तर लेकी माहेरी येतात, पुण्या-मुंबईची पोरं घरी येतात, आणि ज्यांनी ही चित्रं काढली ती मंडळी नेमकी यांच्यातच आहेत. होळीपर्यंत वस्तू हातात आल्या तरच वाचन, छपाई आणि चौकटी वेळेत होतील. दिवस थोडे आहेत, म्हणून जरा स्पष्ट लिहितो.

आधी आभार. आपल्याकडे आज जे आहे ते मागणी न करता आलेलं आहे. खिळेजुळणीच्या प्रदर्शनाला अमळनेरच्या छापखानेवाल्या काकांनी आख्खं ट्रेडल मशीन (पायानं चालवायचं छपाईयंत्र) दिलं, खिळ्यांच्या पेट्यांसकट, आणि ते बसवायला स्वतः दोन्ही मुलांना घेऊन आले. त्याच प्रदर्शनात डीटीपीच्या, म्हणजे संगणकावरच्या अक्षरजुळणीच्या कोपऱ्यासाठी चोपड्याच्या एका भगिनींनी लग्नपत्रिकांचे गठ्ठे दिले. त्या काळी संगणकावर जुळवलेले गणपती कसे बदलत गेले ते त्या गठ्ठ्यांत वर्षवार दिसतं, असा संग्रह आम्ही दुसरीकडे पाहिलेला नाही. नंदुरबारच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी बीबीसी मायक्रो हा जुना संगणक दिला. केंद्र सरकारच्या 1984 च्या शालेय संगणक प्रकल्पात हीच यंत्रं शाळांना मिळाली होती. सरांनी यंत्रासोबत मुलांनी काढलेल्या चित्रांच्या फ्लॉप्या आणि कुठल्या वर्गानं काय काढलं याची वहीसुद्धा जपली होती. वही फ्लॉपीपेक्षा मोलाची निघाली, कारण फ्लॉपीवरच्या फाइलींची नावं ‘अ1’, ‘अ2’ अशी. दोंडाईच्याच्या छायाचित्रकार बंधूंनी मॉनिटरवरून काढलेल्या पारदर्शिका (स्लाइड) दिल्या. आणि भुसावळच्या आपल्या ज्येष्ठ सभासदांनी (नाव छापू नका, असा त्यांचा दम आहे) दिलेला तो गणपती! हॉलमध्ये शिरल्यावर डाव्या हाताला लावलेला आहे, पण बहुतेक जण लांबूनच नमस्कार करून पुढं जातात. एकदा जवळून बघा. तो रेघांचा नाही, अक्षरांचा आहे. लाइन प्रिंटरवर, एका ओळीत 132 अक्षरं. कानाचा भाग काळा दिसतो तिथं एकाच ओळीवर तीनदा छापलं आहे: आधी एम, त्यावर डब्ल्यू, त्यावर फुली. फोरट्रान या जुन्या संगणकभाषेत ओळीच्या पहिल्या जागी अधिकचं चिन्ह दिलं की कागद पुढं सरकत नाही, त्याच ओळीवर पुन्हा ठोका बसतो. सोंडेवर नुसते टिंब आणि स्वल्पविराम. राखाडी रंगाच्या छटा अशा ठोकून मिळवलेल्या आहेत. या सर्व दात्यांची नावं दाराजवळच्या फलकावर आहेत, त्यांचे ऋण आम्ही विसरलेलो नाही.

आता थोडं मनातलं. ज्या धुळ्यात इतिहासाचार्य राजवाड्यांनी 1926 मध्ये देह ठेवला आणि ज्या गावानं त्यांची दप्तरं जिवापाड जपली, त्या गावात संगणक म्हटला की किलोच्या भावानं जातो. गेल्या वेळच्या आवाहनाला शहरातून जवळजवळ काहीच उत्तर आलं नाही. एका शिक्षणसंस्थेनं तर आमचं पत्र मिळाल्यावरही खोलीभर प्रिंटआउट आणि फ्लॉप्या रद्दीत काढल्या. ‘आते हाई काय कामनं शे?’ हे उत्तर आम्ही फार ऐकलं. कामाचं काय आहे ते पुढं सांगतो.

प्रदर्शनाचा अर्धा भाग जगातल्या चित्रांचा. बेन लापोस्कीनं 1950 पासून ऑसिलोस्कोपच्या (विजेच्या लहरी दाखवणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावरच्या लहरींचे फोटो काढले. त्यात खरं तर संगणक नाही, तरी सुरुवात तिथूनच करावी लागते. 1963 चा सदरलंडचा स्केचपॅड हा प्रोग्रॅम, म्हणजे पडद्यावर प्रकाशलेखणी टेकवून रेघ ओढायची. 1965 च्या फेब्रुवारीत श्टुटगार्टला गेऑर्ग नेसची प्लॉटरनं (कागदावर पेन फिरवणाऱ्या यंत्रानं) काढलेली चित्रं भिंतीवर लागली, त्याच वर्षी न्यूयॉर्कला मायकेल नॉल आणि बेला युलेस यांची. 1975 ची युटाची किटली, म्हणजे संगणकात त्रिमितीत उभी केलेली चहाची किटली, जिच्यावर पुढच्या पिढ्या छाया-प्रकाश शिकल्या. आपल्याकडचंही आहे: मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 मध्ये चालू झालेल्या टिफरॅक या संगणकाला आलेख आणि अक्षरं उमटवणारी कॅथोड नळी जोडलेली होती. या चित्रांसाठी हक्कदारांशी पत्रव्यवहार चालू आहे. ‘नेटवरून उतरवून छापा की’ असं सुचवणाऱ्यांना सांगायचं म्हणजे, कलाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो, आणि नेटवरचं चित्र मोठं केलं की नुसता धुरळा दिसतो.

दुसरा अर्धा भाग आपला, आणि तोच रिकामा आहे. फैजपूर, धुळे, जळगाव, शहादा, शिरपूर इथल्या अभियांत्रिकी आणि तंत्रनिकेतनच्या प्रयोगशाळांतलं काम, कारखान्यांचे प्लॉटरवरचे नकाशे, लोगो या मुलांच्या संगणकभाषेतल्या कासवानं काढलेली फुलं, जीडब्ल्यू-बेसिक या पीसीवरच्या भाषेतले साइन-कोसाइनचे नक्षीकाम, लग्नाच्या कॅसेटवरची नावं, सोसायटीच्या दिनदर्शिका, हे सगळं हवं आहे. चित्र ‘चांगलं’ असलं पाहिजे ही अट नाही. कोणत्या यंत्रावर, कोणत्या साली आणि कशासाठी काढलं, ते सांगता आलं पाहिजे. प्रोग्रॅमच्या ओळींची एक पान यादी सोबत असेल तर चित्राची किंमत दुप्पट होते, कारण मग ते पुन्हा काढून दाखवता येतं.

देताना काय सांभाळायचं ते नीट वाचा. मागच्या वेळी आलेल्या वस्तूंचं जे नुकसान झालं ते बहुतेक शेवटच्या आठ दिवसांत, प्रेमापोटी केलेल्या साफसफाईत झालं.

फ्लॉपी कुठल्याही ड्राइव्हमध्ये घालून बघू नका. आपल्याकडच्या माळ्यांवर उन्हाळ्यात ताप आणि पावसाळ्यात दमट, त्यामुळे चकतीवर बुरशी धरते. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या लांबट खिडकीतून पांढरी वर्तुळं किंवा डाग दिसले तर तीच ती. ड्राइव्हचं हेड (वाचणारं टोक) त्यावरून फिरलं की चुंबकीय थर खरवडून निघतो, आणि तेच माखलेलं हेड पुढच्या चार फ्लॉप्या खराब करतं. साडेतीन इंचीवर पत्र्याची सरकती पट्टी असते, त्यामुळे बुरशी दिसत नाही, म्हणून जास्त धोका. यूएसबीवाला ड्राइव्ह विकत आणून प्रयोग करणारे उत्साही आहेतच. फॉरमॅट करायचं का, असं संगणकानं विचारलं की घाईत होकार दिला जातो आणि संपलं. चुकून काही लिहिलं जाऊ नये म्हणून सव्वापाच इंचीची कडेची खाच चिकटपट्टीनं बंद करा, साडेतीन इंचीच्या कोपऱ्यातली छोटी खिडकी (पत्र्याची पट्टी नव्हे) सरकवून उघडी ठेवा. दोन्हींचा नियम उलटा आहे, इकडे लक्ष द्या. लेबलवर बॉलपेननं लिहू नका, वेगळ्या चिठ्ठीवर लिहा. अमिगा या जुन्या संगणकाच्या 880 केबीच्या फ्लॉप्या साध्या पीसीच्या ड्राइव्हवर वाचता येत नाहीत, पीसी ‘रिकामी’ म्हणतो. म्हणून त्या फेकून देऊ नका.

आपल्याकडे ग्रीझविझल (जुन्या फ्लॉप्या वाचायचं) कार्ड आणि 1.2 एमबीचा ड्राइव्ह आहे. त्यावर आधी चकतीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे उतरवून घेतो, फाइली नंतर. दर फ्लॉपीनंतर हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसतो, त्यामुळे वेळ लागतो. 360 केबीची फ्लॉपी या ड्राइव्हवर वाचता येते, पण हिच्यावर लिहायचं नाही. याचं हेड अरुंद, लिहिलेला पट्टाही अरुंद, मग जुन्या ड्राइव्हला तो धड वाचता येत नाही. कुणाच्या फाइलींच्या यादीत नेमकी 20 केबीची बीबीसीची किंवा 16 केबीच्या किंचित वरची बेसिकची फाइल दिसली तर ती बहुधा पडद्याची नक्कल असते. बीबीसीच्या आठ रंगांच्या पद्धतीत 32 केबीपैकी 20 केबी पडद्यालाच जात असत, प्रोग्रॅमला उरायचं ते किती, यावरून त्या पोरांची कमाल कळते.

डीटीपीच्या फाइली देणाऱ्यांनी फाँटच्या फाइलीही द्याव्यात. युनिकोडच्या (अक्षरांच्या आजच्या सामाईक संकेतांच्या) आधीचे मराठी फाँट कंपनीगणिक वेगळे, फाँट नसेल तर पत्रिकेऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी उघडते. छापील पत्रिका सोबत असली तर ताडून बघता येईल.

प्रिंटआउटच्या भोकांच्या पट्ट्या फाडू नका, मूळ घड्यांशिवाय नवी घडी नको, सेलोटेप नको. आणि लॅमिनेशन अजिबात नको: थर्मल कागद त्या उष्णतेनं जागच्या जागी काळा होतो. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवू नका, ते चित्र आवळून टाकतं. आम्ही 600 डीपीआयला (इंचाला 600 ठिपके) रंगीत स्कॅन करतो, काळं-पांढरं असलं तरी. त्यात रिबनची झीज दिसते आणि ठिपक्यांच्या जाळीवर लाटा उठत नाहीत. पारदर्शिका आणि निगेटिव्ह कापडानं पुसू नका. त्या काळी पडद्याचा फोटो हाच बहुतेकांसाठी जतनाचा उपाय होता. शटर एक-अष्टमांश सेकंद किंवा त्याहून सावकाश नसेल तर आडवा काळा पट्टा यायचा. पट्टा असलेलेही चालतील, नव्हे, एक तरी हवाच आहे.

यंत्रं देत असाल तर घरी चालू करून बघू नका. बीबीसीच्या पॉवर सप्लायमधले पारदर्शक पिवळट कपॅसिटर तडकतात आणि पहिल्याच मिनिटात धूर काढतात. 286, 386 या जुन्या पीसींच्या बोर्डवरची बॅटरी फुटून आजूबाजूच्या तारा खाते, ती मात्र आजच कापून काढा. मॉनिटरचं मागचं झाकण उघडू नका, बंद असूनही नळीत जीवघेणा विद्युतदाब राहतो. भर उन्हात गाडीत किंवा एसटीच्या टपावर काहीही ठेवू नका, भुसावळचं ऊन फ्लॉपीला वाकवतं.

छपाईचं गणित एकदा सांगतो, कारण छापणाऱ्यांशी दर वेळी वाद होतो. 320 गुणिले 200 चं चित्र जुन्या मॉनिटरवर चार-तीनच्या चौकटीत दिसायचं, म्हणजे प्रत्येक ठिपका उभट. आजच्या पडद्यावर तेच चित्र बसकं दिसतं, माणसं बुटकी आणि गोल चपटे. म्हणून आम्ही प्रत्येक ठिपका आडवा 15 पट आणि उभा 18 पट करतो: 4800 गुणिले 3600, दोनशे डीपीआयला बरोबर 24 गुणिले 18 इंच. कडा गुळगुळीत करायच्या नाहीत, ठिपका ठिपकाच दिसला पाहिजे.

दालनाला वातानुकूलन लागणार, आणि इथं सभासदांत मतभेद आहेत. कूलर स्वस्त आहे, पण तो ओली हवा सोडतो. सादळून कागद कुरळा होतो, प्लॉटरची शाई पसरते. आर्द्रता 45 ते 55 टक्के ठेवायची तर दीड टनाचे दोन एसी हवेत. उजेड कागदावर 50 लक्सच्या वर जाऊ द्यायचा नाही, त्यासाठी खिडक्यांना अतिनील किरण अडवणारी फिल्म लावून झाली आहे. ती देणगी गल्ली नंबर चारच्या व्यापारी मित्रांची, त्यांचे मनःपूर्वक आभार.

खर्च : छपाई व चौकटी 1,40,000, एसी व वायरिंग 1,30,000, वाचन-स्कॅनिंग 85,000, परवानगी शुल्क 75,000, वाहतूक, विमा, पत्रकं 50,000. एकूण रु. 4,80,000. जमा 1,65,000. कमी 3,15,000. एका चित्राची छपाई-चौकट पुरस्कृत करायची असल्यास रु. 2,500, चित्राखाली नाव लागेल. प्राप्तिकरातल्या सवलतीसाठी 80जीची पावती मिळेल, पॅन आवश्यक. रोख 2,000 च्या वर असल्यास ही सवलत मिळत नाही, धनादेश किंवा खात्यावर द्यावेत. खात्याचा तपशील पावतीपुस्तकाच्या मागे व कार्यालयाच्या फलकावर. वस्तू स्वीकारण्याची वेळ सोमवार सोडून सायं. 5 ते 8. जळगाव, भुसावळ, नंदुरबारकरांनी आपल्या तालुका प्रतिनिधींकडे द्याव्यात. उसनी, कायमची की फक्त स्कॅनसाठी ते पोचपावतीवर लिहून घ्यावं. उसन्या वस्तू प्रदर्शन संपल्यावर महिन्याभरात घरपोच. जीडब्ल्यू-बेसिक, फोरट्रान किंवा लोगो आजही हातात असलेले दोन-तीन स्वयंसेवक हवेत, तसंच जुना सीआरटी (काचेच्या नळीचा) मॉनिटर दुरुस्त करणारा एक जाणता कारागीर.

आपला नम्र,
कार्यवाह
(कार्यकारिणीच्या वतीनं)

ता. क. : डॉट मॅट्रिक्सच्या नऊ पिनांच्या रिबनी कुणाकडे सीलबंद पडल्या असतील तर त्याही द्या. प्रात्यक्षिकासाठी प्रिंटर आहे, पण रिबन वाळली आहे. कंटिन्युअस स्टेशनरी आपल्याकडे पुरेशी आहे, ती कृपया आणू नये.