जहाज उद्याचं आहे, बंदर आज बघा

कॅलगरी, २ जून

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

हे सगळं व्हॉट्सॲपवर पाठवलं असतं तर सुप्रभातच्या फुलांखाली गाडलं गेलं असतं, म्हणून पत्र. झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या अक्षरात दोन प्रती काढून घ्या. एक बाबांच्या खिशात, दुसरी आईच्या पर्समध्ये. बाबांच्या खिशावर माझा पूर्ण भरवसा नाही.

अलास्काच्या क्रूझबद्दल तुम्ही फोनवर खोलीच्या खिडकीपासून ताकापर्यंत सगळं विचारून झालात. आदल्या संध्याकाळचं मात्र कुणीच विचारलं नाही. मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाने येणार, म्हणजे व्हँकुव्हरची ती संध्याकाळ तुमची दोघांचीच. शेजारच्या काकांनी यादी करून दिलीय असं आई म्हणाली: कॅपिलानोचा झुलता पूल, ग्राउस माउंटन, ग्रॅनव्हिल आयलंडचा बाजार, स्टॅन्ली पार्कची पूर्ण फेरी. यादीत खोट काही नाही, पण ती चार दिवसांची आहे. ग्रॅनव्हिल आयलंडचा बाजार सहाला बंद होतो. झुलत्या पुलाचं तिकीट असं आहे की आई पुलाच्या मधोमध उभी राहून त्याचे रुपये करत बसेल. आणि डोंगर तर पुढचा आठवडाभर जहाजातून बघायचेच आहेत, त्यासाठी आदल्या दिवशी गुडघे कशाला झिजवायचे?

मला विचाराल तर एक संध्याकाळ हातात असेल तेव्हा एकच किनारा धरावा. बंदराचं गाव आहे, ते बंदरावरून बघा. हॉटेल मी मुद्दाम कॅनडा प्लेस या जहाजांच्या धक्क्याजवळ घेतलंय. थोडं महाग आहे, त्यावर आता चर्चा नको.

विमान दुपारी उतरेल. इमिग्रेशनकडे जाताना देवदाराच्या लाकडात कोरलेल्या दोन उंच आकृती दिसतील, त्यांच्यापाशी क्षणभर थांबा. ही जमीन मूळची मस्क्वीम लोकांची. त्यांच्या रीतीने पाहुण्यांचं स्वागत करणाऱ्या या आकृती सुझन पॉइंट या मस्क्वीम कलावतीने केल्या आहेत. विमानतळावरून वॉटरफ्रंट स्टेशनपर्यंत चालकाविना धावणारी सुंदर मेट्रो आहे, पण तुमच्या बॅगा मला माहीत आहेत. टॅक्सीच करा. भागानुसार भाडं ठरलेलं असतं, घासाघीस करावी लागत नाही. ड्रायव्हर बहुतेक पंजाबी निघेल, बाबांना गप्पांना माणूस मिळेल.

व्हँकुव्हर आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे आहे. तिथे संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा शिरूरमध्ये दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसहा झालेले असतात, म्हणजे बाबांची नदीकडे फिरायला निघायची वेळ. त्यामुळे अंगाला फिरायला जायचंच असेल. जूनमध्ये तिथे सूर्य नऊ-वीसच्या सुमाराला मावळतो, त्यानंतरही बराच वेळ उजेड रेंगाळतो. म्हणजे भरपूर संध्याकाळ हाताशी आहे. फक्त हॉटेलवर गेल्या गेल्या आडवं होऊ नका. ‘पाच मिनिटं पाठ टेकतो’ या वाक्याचा शेवट काय होतो ते मी लहानपणापासून बघत आलेय. आंघोळ करा, चहा घ्या, स्वेटर अंगात घाला (आई, जून असला तरी घाल, पाण्यावरचा वारा झोंबतो) आणि साडेसहानंतर निघा.

साडेसहा उगीच म्हटलं नाही. त्यानंतर तिथे बस, मेट्रो आणि बोटीला एकाच झोनचं, म्हणजे सगळ्यात कमी, भाडं लागतं. वॉटरफ्रंट स्टेशनात जा. खांबांची भारदस्त इमारत आहे, कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने बांधलेली, १९१४ ची. हे साल आणि ही कंपनी दोन्ही लक्षात ठेवा, बाबा, पुढे लागणार आहेत. आत मशीनमधून ज्येष्ठांच्या सवलतीचं तिकीट काढायचं, पासष्टच्या वरच्यांना मिळतं. वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट जवळ असू द्या. त्या तिकिटावर सीबसने पलीकडे नॉर्थ व्हँकुव्हरला जाऊन यायचं. सीबस म्हणजे माणसांची साधी फेरीबोट. १९७७ पासून चालते, बारा मिनिटांत खाडी ओलांडते. पर्यटकांसाठी वेगळ्या महागड्या बोटी आहेत, त्यांतून दिसतं ते बहुतेक सगळं हिच्यातूनही दिसतं. शिवाय बसायला जागा असते. तिकीट दीड तास चालतं, त्यामुळे फार न रेंगाळलात तर परतीलाही तेच.

जाताना डावीकडची खिडकी धरा. लांबवर लायन्स गेट पूल दिसेल, १९३८ साली खुला झालेला. उद्या संध्याकाळी आपलं जहाज त्याच्याच खालून बाहेर पडणार. पुलाखाली ६१ मीटर उंचीची जागा आहे, म्हणून फार उंच जहाजं इथे येतच नाहीत, ती अमेरिकेतल्या सिॲटलहून निघतात. त्याच बाजूला पलीकडच्या काठावर एक पिवळाजर्द डोंगर दिसेल. आई म्हणेल, जेजुरीचा भंडारा इथे कुणी ओतला? ते गंधक आहे. आमच्या अल्बर्टातल्या नैसर्गिक वायूतून काढतात, रेल्वेने तिथे आणतात आणि जहाजात भरून परदेशी पाठवतात. शोभेसाठी सजवलेलं बंदर नाही हे, राबणारं आहे. मला ते आवडतं त्याचं हेही एक कारण.

पलीकडे उतरलात की समोरच ‘लॉन्सडेल की’ नावाचा बाजार आहे. तिथे किंवा आसपासच्या रेस्टॉरंटमध्ये जेवून घ्या. शाकाहारी काही ना काही मिळतं, फक्त विचारताना ‘नो मीट, नो फिश, नो एग’ असं तिन्ही सांगा. नुसतं व्हेजिटेरियन म्हटलं तर माशाचं सूप पुढ्यात येऊ शकतं. जेवून जरा काठावर उभे राहा. समोर अख्खं शहर आणि त्याच्या पायथ्याशी पाण्यात शिरलेलं कॅनडा प्लेस, पाच पांढऱ्या शिडांचं. १९८६ च्या जागतिक प्रदर्शनासाठी ते बांधलं. आपलं जहाज तिथूनच सुटणार, पण त्या संध्याकाळी ते दिसलं नाही तर काळजी करू नका. अलास्काची जहाजं सहसा सकाळी लवकर येतात, आधीचे प्रवासी उतरवतात, नवे घेतात आणि त्याच संध्याकाळी निघतात.

परत आल्यावर पाणी उजव्या हाताला ठेवून चालायला लागा. सपाट, रुंद रस्ता आहे, पायरी नाही, जागोजागी बाक आहेत. आधी २०१० च्या हिवाळी ऑलिंपिकचं मोठं ज्योतपात्र लागेल. मग खालच्या पाण्यावर समुद्री विमानं उतरताना दिसतील. हा तमाशा बघायला पैसे पडत नाहीत आणि तो बघून कंटाळलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. सायकलवाल्यांची वाट वेगळी आखलेली आहे, आई, तिच्यावर जाऊ नकोस. ते घंटी वाजवतात, पण थांबत नाहीत.

थोडं पुढे, कोल हार्बरच्या काठावर, कोमागाटा मारू या जहाजाचं स्मारक आहे. २०१२ मध्ये झालं. जहाजाच्या कुशीसारखी पोलादी भिंत आणि प्रवाशांची नावं. बाबा, तुम्ही एकूण एक नाव वाचणार हे मी धरूनच चाललेय. आईने तोवर बाकावर बसावं.

आईसाठी थोडक्यात सांगते, कारण बाबा सांगायला लागले की सूर्य मावळेल. २३ मे १९१४ ला गुरदित सिंग या पंजाबी व्यापाऱ्याने भाड्याने घेतलेलं हे जपानी जहाज हाँगकाँगहून या खाडीत आलं. ३७६ प्रवासी, बहुतेक शीख, काही मुसलमान, काही हिंदू. सगळे ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन, आणि कॅनडाही त्याच साम्राज्यातला. पण १९०८ पासून इथे नियम होता की मायदेशाहून न थांबता, तिथेच काढलेल्या थेट तिकिटावर आलात तरच उतरू देऊ. आणि असं तिकीट विकू शकणाऱ्या कॅनेडियन पॅसिफिकला सरकारने आधीच ते विकायचं बंद करायला लावलं होतं. तीच कंपनी, जिच्या स्टेशनातून तुम्ही सीबसला गेलात. नियमात कुठे हिंदुस्थान्यांचं नाव नाही, पण दार त्यांनाच बंद. दोन महिने माणसं जहाजावर अडकून पडली, पाण्याचे आणि अन्नाचे हाल झाले. आधी इथे राहून गेलेले विसेक लोक तेवढे उतरू शकले. २३ जुलैला ‘रेनबो’ या युद्धनौकेच्या पहाऱ्यात जहाज परत पाठवलं. सप्टेंबरअखेर कलकत्त्याजवळ बजबजला ते पोचलं, तिथे पोलिसांच्या गोळीबारात त्यांतले कितीतरी मेले. कॅनडाच्या संसदेत पंतप्रधानांनी माफी मागितली ती २०१६ साली.

बाबा, तुम्ही वर्गात गदर चळवळ (अमेरिकेतल्या हिंदुस्थानी क्रांतिकारकांची) शिकवताना पुस्तकात नसलेलं एक नाव आवर्जून सांगायचात: विष्णू गणेश पिंगळे, आपल्याच तालुक्यातल्या तळेगाव ढमढेऱ्यांचे. ते या जहाजावर नव्हते. पण त्यांच्या गदरच्या साथीदारांच्या मनात ही आग होतीच. पिंगळे अमेरिकेतलं शिक्षण सोडून १९१४ मध्येच परतले आणि १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरला करतारसिंग सराभांबरोबर फासावर गेले. तुमच्या वर्गातला फळा आणि हा किनारा एकमेकांना इतके जवळ असतील असं इथे पहिल्यांदा उभी राहीपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तुम्ही मुंबईत काढलेल्या एका तिकिटावर येताय आणि विमानतळावरचा अधिकारी बहुधा ‘एन्जॉय युअर क्रूझ’ म्हणेल. त्याच पाण्यावर उभे राहून तुम्हाला काय वाटतं ते मला ऐकायचंय, पण फोनवर नको, जहाजावर निवांत सांगा.

नऊ वाजता एक मोठा धडाका ऐकू येईल. आई, दचकू नकोस. स्टॅन्ली पार्कच्या टोकावरची तोफ आहे, १८१६ साली इंग्लंडात ओतलेली, रोज रात्री नऊला उडते. १९६९ मध्ये इंजिनिअरिंगच्या पोरांनी ती पळवून नेली होती आणि खंडणी म्हणून मुलांच्या हॉस्पिटलसाठी देणगी मागितली. तोफ झाली की वीसेक मिनिटांत सूर्यास्त. तो बघून आल्या वाटेनेच परत फिरा.

पायात जीव उरला असेल तर स्टेशनापासून दुसऱ्या बाजूला, गॅसटाउनमध्ये, वाफेवरचं घड्याळ आहे. दर पाव तासाला शिट्ट्या वाजवतं. दिसायला व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं, प्रत्यक्षात १९७७ चं. मला ते जरा नाटकी वाटतं, पण फोटो छान येतो. तिथून पुढे पूर्वेला मात्र जाऊ नका. हेस्टिंग्ज स्ट्रीटच्या त्या भागात घर नसलेले, नशेच्या विळख्यात सापडलेले खूप लोक रस्त्यावर असतात. ते तुम्हाला काही करतील म्हणून नाही सांगत. प्रवासाने दमलेल्या डोळ्यांनी, रात्रीच्या वेळी ते बघणं तुम्हाला जड जाईल.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला जाग येणारच. पाचच्या पुढे चांगलं उजाडतं. कूस बदलत पडण्यापेक्षा कॅनडा प्लेसवर जा, जहाज काठाला लागताना बघायला मिळालं तर मिळालं. मी दहापर्यंत पोचते. तोवर एवढं करून ठेवा: पासपोर्ट, अमेरिकेचे व्हिसा आणि औषधं हातातल्या पिशवीत. अमेरिकेची तपासणी जहाजात चढण्याआधी तिथेच, कॅनडा प्लेसमध्ये होते. मोठ्या बॅगा बंदरावर काढून घेतात आणि त्या खोलीच्या दाराशी यायला कधीकधी संध्याकाळ होते. बाबांची रक्तदाबाची दुपारची गोळी त्या बॅगेत अडकायला नको.

तुमची,
धाकटी

ता. क. आई, प्रवासातली ती छोटी इलेक्ट्रिक किटली शिरूरलाच ठेव. जहाजावर किटली आणि इस्त्री चालत नाही, काढून घेतात. चहाची पूड घे, गरम पाणी मी मिळवते.