‘छळ’ कशाला म्हणायचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सासरचा जाच, सावकाराचा तगादा आणि पोलीस कोठडीतील मारहाण या तिन्हींसाठी बातम्यांत ‘छळ’ हा एकच शब्द येतो. बोलण्यात ते खपून जाते. न्यायालयात मात्र या शब्दात काय बसते आणि काय बसत नाही, यावर आरोपीची सुटका ठरते.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 10 डिसेंबर 1984 रोजी स्वीकारलेल्या छळविरोधी कराराचे पहिले कलम सांगते की, माहिती किंवा कबुली काढण्यासाठी, शिक्षा म्हणून, धाक बसवण्यासाठी किंवा कोणत्याही भेदभावापोटी जाणूनबुजून दिलेली तीव्र शारीरिक वा मानसिक वेदना म्हणजे छळ; मात्र ती सरकारी अधिकाऱ्याने दिलेली, त्याच्या चिथावणीने घडलेली किंवा त्याच्या संमतीने वा मूकसंमतीने दिली गेलेली असावी लागते. यातील ‘मूकसंमती’ मला सर्वांत मोलाची वाटते. रझाकार काही निजामाचे पगारी नोकर नव्हते, तरी सत्तेने त्यांच्याकडे काणाडोळा केला म्हणजे काय झाले, हे मराठवाड्यातील जुन्या पिढीला कोणी समजावून सांगावे लागत नसे.

खरा वाद ‘तीव्र’ या शब्दाचा आहे. ब्रिटिशांनी 1971 मध्ये उत्तर आयर्लंडमधील स्थानबद्धांना तासन्‌तास भिंतीशी ताणून उभे केले, डोक्यावर पिशव्या चढवल्या, कर्कश आवाज ऐकवला, झोप आणि अन्नपाणी तोडले. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने 1978 मध्ये याला अमानुष व मानहानिकारक वागणूक म्हटले, पण छळ म्हणायचे नाकारले. अमेरिकेच्या न्याय खात्यातील 2002 च्या टिपणाने तर अवयव निकामी होताना किंवा मरताना होते तेवढी वेदना असेल तरच छळ, असा अर्थ लावला. ते टिपण 2004 मध्ये मागे घेतले गेले, हे खरे. पण वेदना मोजण्याचे माप मारणाऱ्याच्याच हाती गेले की काय होते, ते त्यातून दिसले. आपल्याकडे पोलीस ठाण्यातल्या मारायच्या पट्ट्याला ‘बाजीराव’ म्हणून हसण्यावारी नेले जाते, तेही एक मापच.

भारताने या करारावर 14 ऑक्टोबर 1997 रोजी सही केली, त्याचे अनुसमर्थन, म्हणजे करार स्वतःवर बंधनकारक करून घेणारी अंतिम मंजुरी, मात्र अद्याप केलेले नाही. लोकसभेने 2010 मध्ये मंजूर केलेले छळ प्रतिबंधक विधेयक राज्यसभेत अडकून बारगळले. विधी आयोगाने 2017 मध्ये आपल्या 273 व्या अहवालासोबत नवा मसुदा दिला, तोही पडून आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम 120 पुरेसे आहे, असे काही वकील मित्र म्हणतात. ते मला पटत नाही, कारण त्या कलमाचा आधार ‘दुखापत’ हा आहे आणि तिचा हेतू कबुली, माहिती किंवा मालमत्तेची वसुली असावा लागतो. केवळ दहशत बसवण्यासाठी किंवा जातीवरून कोठडीत केलेली मारहाण त्यात बसवताना ओढाताण होते, आणि रात्रभर झोपू न दिल्याची तर जखमही दाखवता येत नाही.

परभणीत डिसेंबर 2024 मध्ये न्यायालयीन कोठडीतील तरुणाचा मृत्यू झाला, तेव्हा गुन्हा नोंदवण्याचा आदेश मिळवण्यासाठीच उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत जावे लागले आणि जुलै 2025 उजाडला. मराठवाड्याचे लोकसभेत आठ खासदार आहेत. विधी आयोगाच्या मसुद्यावर त्यांची भूमिका काय, हे आपण प्रत्येकाला विचारून त्यांची उत्तरे छापावीत, ही विनंती.

आपला,
एक वाचक, अंबाजोगाई (जि. बीड)